आराखडा क्रमांक सात

“त्या खोलीत पलंग आरामात बसेल,” शशी म्हणाली.

“त्या खोलीत रेल्वे आहे,” मी म्हणालो.

“कुठे?”

मी टेबलावरच्या कागदाकडे बोट दाखवलं. तिने कागदाकडे पाहिलं, मग खोलीकडे. खोलीत एक खुर्ची, एक गुंडाळलेली गादी आणि मुलाने शाळेत असताना भिंतीवर चिकटवलेलं क्रिकेटचं एक पोस्टर, एवढंच होतं. रूळ सोडा, रुळांखाली घालायची फळीसुद्धा नव्हती.

“अजून कागदावर आहे,” मी खुलासा केला.

“अकरा महिने झाले.”

“खऱ्या रेल्वेला पन्नास-पन्नास वर्षं लागतात.”

“खरी रेल्वे माझ्या बहिणीच्या पलंगावरून जात नाही,” शशी म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेली. शिट्टी झाली नसती तरी ती गेलीच असती.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगलीत विश्रामबागेकडे आमचं छोटं बैठं घर आहे. मुलाने बडोद्याला नोकरी धरली, मग तिथेच घर केलं आणि त्याची इथली खोली रिकामी झाली. माझ्या वाढदिवसाला त्याने एक खोकं पाठवलं. त्यात एक खेळण्यातलं, पण अगदी खऱ्यासारखं इंजिन, तीन डबे आणि एक गोल होईल एवढे रूळ. सोबत चिठ्ठी: ‘बाबा, आता कंटाळू नका.’

दुसऱ्या कुणीही रूळ जमिनीवर मांडून गाडी फिरवली असती आणि संध्याकाळपर्यंत खोकं माळ्यावर टाकलं असतं. पण मी तेहतीस वर्षं एका सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होतो. आराखड्याशिवाय मी कधी खिळासुद्धा ठोकलेला नाही. आराखडा झाल्यावरही फारसे ठोकले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा मी रीतसर कामाला लागलो. खोलीची मापं घेतली. चार स्टेशनं, दोन बोगदे, एक नदी, तिच्यावर सात कमानींचा पूल. एका स्टेशनाला ‘मोकाशी रोड’ असं आमच्या जुन्या साहेबांचं नाव दिलं आणि गाडी तिथे थांबणार नाही अशी व्यवस्था केली. गाडीचं प्रमाण होतं सत्याऐंशीस एक, म्हणजे खरी वस्तू सत्याऐंशी पटींनी लहान करायची. गंमत म्हणून मी स्वतःचा हिशोब करून पाहिला. त्या प्रमाणात मी एकोणीस मिलिमीटर भरत होतो. तेव्हा हसू आलं होतं.

इथे आमच्या खात्यातली एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रत्येक आराखड्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली तीन चौकटी असतात. आखणार, तपासणार, मंजूर करणार. आखणाऱ्याने सही केली की त्याचं काम संपलं. मग कागद तपासणाऱ्याकडे जातो. तपासणाऱ्याची चौकट रिकामी आहे तोवर उशीर कुणाचाच नसतो. काम चालू असतं. एक अख्खी वसाहत माझ्यासमोर नऊ वर्षं अशी चालू होती. 

माझ्या रेल्वेच्या आराखड्यावरही मी या तीन चौकटी काढल्या होत्या. पहिलीत माझी सही, अच्युत गुळवणी. तिसरीत शशीचं नाव आधीच लिहून ठेवलं होतं, घरातली मंजुरी तिचीच असते. मधली रिकामी. तपासायला कुणी नाही म्हणून मीच तपासायचो, मीच चुका काढायचो आणि सुधारित आराखडा काढायचो. असे सहा झाले होते. सातवा टेबलावर होता.

दर महिन्याला शिवाप्पा सुतार फाटकातून हाक द्यायचा.

“सायेब, फळी आणू?”

“थांब रे. सुधारित आराखडा निघतोय.”

“मागल्या म्हैन्यात बी निगत हुता की.”

“तो सहावा. हा सातवा.”

“बरं. मग गाडी सुटली की सांगा,” असं म्हणून तो सायकलवर टांग टाकायचा.

अक्का म्हणजे शशीची थोरली बहीण इंदुमती. कुरुंदवाडला मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, कापडाच्या दुकानावर दोन भाड्याच्या खोल्यांत एकटी राहणारी. घरमालकाच्या मुलाला ती इमारत पाडून मंगल कार्यालय बांधायचं होतं. मेअखेर खोल्या सोडायच्या होत्या. गुडघ्यांमुळे जिने चढवत नव्हते. दुसरं कुणी जवळचं नव्हतं. तिला आमच्याकडे आणायचं, हे शशीच्या मनात पक्कं होतं.

माझ्या मनात नव्हतं. कारण होतं. ते मी शशीला कधी सांगितलं नव्हतं, आणि तुम्हालाही इतक्यात सांगणार नाही. एवढंच नमूद करतो की ‘नको’ हा शब्द मी एकदाही तोंडातून काढला नाही. मी फक्त आराखडा सुधारत होतो.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात अक्का चार दिवसांसाठी आली. हातात वाडीची कवठाची बर्फी, खांद्याला शबनम. चार दिवस हॉलमधल्या दिवाणावर झोपेन म्हणाली. त्या खोलीकडे तिने बघितलंसुद्धा नाही. मला बरं वाटलं. आणि बरं वाटल्याबद्दल थोडं वाईट.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हॉलमधल्या टेबलाशी नकाशावर नदीचं पात्र रुंद करत बसलो होतो. दारापलीकडे स्वयंपाकघरात शशी साखरआंब्यासाठी कैऱ्या किसत होती. किसणीचा आवाज एकसारखा येत होता. अक्का खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि शबनममधून एक छापील कागद काढला.

“अच्युतराव, तुमची एक सही हवी होती.”

“कशावर?”

“वाईजवळ एक आश्रम आहे. साठीच्या पुढच्यांसाठी. माझा अर्ज भरून झालाय. ‘जबाबदार नातेवाईक’ म्हणून एका पुरुषमाणसाची सही लागते म्हणे. मला तुमच्याशिवाय कुणी दिसेना.”

किसणीचा आवाज थांबला.

मी पेन शोधायला लागलो. पेन माझ्या हातातच होतं.

“वाचल्याशिवाय करायची नाही हं,” अक्का म्हणाली. “तोवर मी तुमची रेल्वे बघते. शशीच्या प्रत्येक पत्रात तिच्यावर एक ओळ असते. जुने आराखडे पण द्या. उत्तर एकदम बघायची सवय नाही मला, पायऱ्या लागतात.”

तिने सातही कागद पुढ्यात घेतले. शबनममधून लाल पेन्सिल काढली. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती तरी पेन्सिलीला टोक होतं.

मी अर्ज वाचायला लागलो. खोली दहा फूट बाय आठ फूट, दोघींत एक. दोन लोखंडी खाटा, एक सामाईक कपाट. सोबत आणायचं सामान किती? तिथे अक्काच्या सुवाच्य अक्षरात होतं: ‘दोन पेट्या. पैकी एक पुस्तकांची.’ भेटायला कोण येईल? ‘बहीण, जमेल तसं.’ 

तेहतीस वर्षांची सवय वाईट असते. खोलीची मापं वाचली की माझ्या डोक्यात खोली आखली जाते. दहा बाय आठ. साडेसहा बाय तीनच्या दोन खाटा. कपाट. उरलेल्या जागेत दार. मी मनातल्या मनात दार उघडलं. ते दुसऱ्या खाटेच्या पायाला आपटलं. पुन्हा उघडलं. पुन्हा आपटलं. त्या खाटेवर जी कुणी झोपली असेल ती प्रत्येक वेळी दचकून उठणार.

“अक्का, या आश्रमातल्या खोलीचं दार आत उघडतं की बाहेर?” मी विचारलं.

तिने मान वर केली. चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. चौथीतल्या मुलीही अशा वेळी उभ्या राहत असतील. मी कसाबसा बसून राहिलो.

“तुमच्या खोलीचं कुठे उघडतं?”

“आत. का?”

“नाही, या आराखड्यात दारच दिसत नाही. इकडून तिकडे सलग भिंत आहे. जिथे दार असायला हवं तिथे,” तिने पेन्सिलीचं टोक टेकवलं, “मोकाशी रोड आहे.”

मी वाकून बघितलं. खरंच नव्हतं. आयुष्यभर मी प्रत्येक नकाशात भिंतींनंतर पहिली गोष्ट काढली ती म्हणजे दार. दार उघडताना जी पाव गोलाची रेघ मारतं, ती रेघ मी झोपेतही काढली असती.

“राहिलं असेल,” मी म्हणालो.

“सातही आराखड्यांत?”

मी पहिला कागद ओढून बघितला. त्यातही नव्हतं.

“आणखी एक. तिसरा आराखडा आणि सहावा, दोन्ही एकच आहेत. तिसऱ्यात पूल डावीकडे आहे, चौथ्यात तुम्ही तो उजवीकडे नेलात, पाचव्यात नदीसकट मधे आणलात, सहाव्यात परत डावीकडे. उत्तराची वही माझ्याकडे अशी आली असती तर मी पालकांना बोलावलं असतं.” तिने कागद एकावर एक नीट रचले. “हा आराखडा गाडी चालावी म्हणून काढलेला नाही, अच्युतराव. कुणी आत येऊ नये म्हणून काढलाय.”

तिचा आवाज जराही चढला नव्हता. गणिताचं उत्तर सांगावं तसं तिने सांगितलं. शशी केव्हाची दारात येऊन उभी होती, हात कैरीने बरबटलेले. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्या बाजूने काही बोलेल असं तिच्या चेहऱ्यावर नव्हतं.

आता शहाण्या माणसाने इथे ‘चुकलो’ म्हणावं. मी म्हणालो, “आधी तुम्ही मला नको म्हणालात!”

त्रेसष्ट वर्षांचा माणूस. पेन्शनर. वाचनालयाचा सहचिटणीस.

“मी?” अक्का म्हणाली. “कधी?”

तर आता ते कारण. त्या दुपारच्या छत्तीस वर्षं आधी कुरुंदवाडला मी मुलगी बघायला गेलो होतो, ती शशी नव्हे. इंदुमती. आठ दिवसांनी तिच्या वडिलांचं कार्ड आलं: पत्रिका जुळत नाही. पत्रिका जुळते, हे मी आधीच कुणाकडून तरी बघून घेतलं होतं, त्यामुळे नकार कुणाचा ते मला कळलं. सहा महिन्यांनी त्याच मध्यस्थाने धाकटीचं स्थळ आणलं, मी हो म्हटलं, संसार झाला, छानच झाला. पण दर दिवाळीला अक्का समोर बसली की मला वाटायचं, ही माझं वजन करतेय. भाताची मूद जरा मोठी घेतली तरी वाटायचं, ही मनात म्हणत असेल, बरं झालं वाचले. वर्षातले चार दिवस मी कसेबसे काढत होतो. आता बाराही महिने ती माझ्या घरात बसून माझ्याकडे बघणार होती.

यातलं निम्मंशिम्मं मी तिथे बोलून गेलो. भाताच्या मुदीसकट.

अक्काने चष्मा काढला आणि हसायला लागली. तिला हसताना मी फारसं पाहिलेलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या.

“अहो, ते? ते अजून? अच्युतराव, मला बघायला अकरा जण आले. अकराही जणांना मीच नको म्हणाले, मला शिकवायचं होतं. पण बाकीच्या दहांनी निदान मला काहीतरी विचारलं. स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, उंची किती. तुम्ही एक प्रश्न विचारला नाहीत! अर्धा तास आमच्या बाहेरच्या खोलीच्या दाराबद्दल बोलत होतात. ते आत उघडतंय ते बाहेर उघडायला हवं, बिजागरी डावीकडे हवी... बाबांकडे कागद मागून काढून दाखवलंत! तुम्ही गेल्यावर मी बाबांना म्हटलं, यांना मुलगी नकोय हो, सुतार हवाय.”

“मी दाराबद्दल बोललो?”

“वर्षभर आमच्या घरात तुमचं नाव ‘दारवाले’ होतं.”

मी शशीकडे वळलो. “तुला हे माहीत होतं?”

“नाव मीच ठेवलं होतं,” शशी म्हणाली.

छत्तीस वर्षं. एका घरात. ताटाला ताट लावून.

“तुम्हाला खरंच आठवत नाही?” तिने हात पदराला पुसता पुसता विचारलं. “मला त्या दिवशी बाहेर यायचं नाही म्हणून बजावलं होतं. मोठीला बघायला आलेल्यांसमोर धाकटीने येऊ नये म्हणून. पण बाबांनी पाणी मागितलं आणि आत दुसरं कुणी नव्हतं. मी तांब्या-भांडं घेऊन आले, ते मेलं दार कोपराला लागलं आणि अख्खा तांब्या तुमच्या मांडीवर. बाबा सगळ्यांसमोर ओरडले, धांदरट, एक काम धड येत नाही. आणि तुम्ही ओल्या पँटने उठलात आणि म्हणालात, ‘तिची चूक नाही. दाराची चूक आहे.’ आणि मग अर्धा तास ते सिद्ध करत बसलात.”

तिने हात पुन्हा पदराला पुसले.

“त्या घरात माझी चूक नाही असं त्याआधी कुणी म्हणालं नव्हतं,” शशी म्हणाली. “सहा महिन्यांनी मध्यस्थ आला तेव्हा मी बाबांना म्हटलं, मला दारवाले चालतील.”

एवढं बोलून ती आत गेली. किसणीचा आवाज पुन्हा सुरू झाला, मगाचपेक्षा जरा जोरात.

मला पाणी आठवत नव्हतं. ओरडणारे सासरे आठवत नव्हते. ते कार्ड मात्र शाईच्या डागासकट आठवत होतं. त्या खुर्चीत त्या वेळी मी नक्की किती भरत होतो ते मोजायची गरज नव्हती. एकोणीस मिलिमीटर. उदारपणे मोजलं तर.

मी अर्जाची घडी घातली आणि अक्काकडे परत दिली.

“यावर सही करता येणार नाही.”

“का?”

“खोली चुकीची आखली आहे. दार खाटेला लागतं.”

“मग बरोबर आखलेली खोली कुठे आहे?”

मी सातवा आराखडा तिच्यापुढे सरकवला. मोकाशी रोड खोडरबराने पुसलं. ते पुसताना खात्यात असतानाही झाला नव्हता एवढा आनंद झाला. तिथे दार काढलं, त्याची पाव गोलाची रेघ काढली. मग म्हणालो, “साडेसहा बाय तीनचा पलंग कुठे बसतो बघा. मला सुचत नाही.”

“मी काही मागितलेलं नाही हं, अच्युतराव.”

“मागितलेलं नाही. पण आराखड्यात आहे, त्याला मी काय करू?”

तिने लाल पेन्सिलीने खिडकीखाली एक चौकोन काढला. तो थेट माझ्या दोन्ही बोगद्यांवर आला. मी तोंड उघडलं.

“बोगदे याच्याखालून न्या,” ती म्हणाली. “वेगळा डोंगर करायचा खर्च कशाला? वर मी आहेच.” पेन्सिल दारापाशी आली. “आणि हे आत उघडलं तर पलंगाला लागणार. बाहेर उघडायला हवं.”

“तेच तर मी तेव्हा तुमच्या वडिलांना—”

“दहापैकी चार,” अक्का म्हणाली. तिने कोपऱ्यात मार्क लिहिले, खाली रेघ मारली आणि मधल्या चौकटीत सही केली. शशीला हाक मारली. शशीने चष्मा न लावता, कैरीच्या हाताने तिसऱ्या चौकटीत सही केली. तो डाग अजून आहे. काय मंजूर करतेय ते तिने विचारलंही नाही. ते तिने अकरा महिन्यांपूर्वीच मंजूर केलेलं होतं.

शिवाप्पा दुसऱ्या दिवशी आला. दार उतरवलं, बिजागऱ्या फिरवल्या, बाहेर उघडेल असं लावलं, जाता जाता फळ्याही ठोकून गेला. दीड तासात.

“सायेब, एवढ्याला अकरा म्हैनं काय करत हुता?” 

“आखत होतो.”

“दाराचं बी तुमीच आखलं?”

“मीच.”

“ब्येस,” असं म्हणून त्याने दाराकडे एकदा, बोळाकडे एकदा बघितलं आणि सायकल काढली. काहीतरी बोलणार होता, पण बोलला नाही. विचारायला हवं होतं.

जूनमध्ये अक्का दोन पेट्या घेऊन आली. गाडीच्या पहिल्या फेरीला ती पलंगावर पाय वर घेऊन बसली आणि हिरवा रुमाल हलवला. गाडी पलंगाखाली गेली आणि तिथेच अडकली. अक्काने काठीने ढोसून बाहेर काढली. ती काठी अजून पलंगाशेजारी असते, अधूनमधून लागते.

आणि ते दार. आमच्या घरात स्वयंपाकघरातून येणारा बोळ बरोबर त्या दारासमोरून जातो. दार आता त्या बोळात उघडतं. माझ्या आराखड्यात खोली होती, बोळ नव्हता. अकरा वर्षांत बोळातून भाजी, आमटी, एकदा तर पुरणाची अख्खी परात घेऊन जाणारं माणूस त्या दाराला थडकलेलं आहे.

परवा सकाळी अक्काचा चहा घेऊन मी निघालो. मी दारापाशी पोचायला आणि तिने आतून दार ढकलायला एकच गाठ पडली. कप गेला, बशी गेली, चहा माझ्या सदऱ्यापासून पायजम्यापर्यंत पसरला.

“अगंबाई!” अक्का म्हणाली. “भाजलं का हो?”

“भाजलं नाही,” मी म्हणालो, “पण हे मी बघायला हवं होतं. माझीच—”

“असू द्या,” शशी स्वयंपाकघरातून म्हणाली. ती पोळ्या लाटत होती, मान वर न करता. “तुमची चूक नाही. दाराची चूक आहे.”